मासा आणि साखरेचा आजार

माशाला मधुमेह होतो काय? प्रश्न ऐकून हसू येईल. वेसाव्याच्या बाजारात बोंबील, मांदेली घेताना असा विचार कोणी करीत नाही. पण हा प्रश्न आपल्या डोळ्यांशी जोडलेला आहे. म्हणून आम्ही तो येथे घेतला आहे.

बोटापेक्षा लहान असा एक मासा आहे. त्याच्या अंगावर निळे पट्टे असतात. अंधेरी, घाटकोपरकडे लोक काचेच्या पेटीत मासे पाळतात. त्यांत तो पुष्कळदा दिसतो. त्याला झेब्रा मासा म्हणतात. तो मूळचा आपल्याच देशाकडचा. 1822 साली हॅमिल्टन नावाच्या डॉक्टराने गंगेच्या माशांवरील पुस्तकात त्याची नोंद केली. आज जगभर प्रयोगशाळांत हा मासा पाळतात. का? त्याची पिल्ले काचेसारखी आरपार दिसतात. बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या यंत्रातून त्यांच्या अंगातले रक्त वाहताना दिसते.

2007 साली अमेरिकेतील संशोधकांनी एक प्रयोग केला. झेब्रा मासे एक दिवस ग्लुकोजच्या पाण्यात, एक दिवस साध्या पाण्यात, असे 28 दिवस ठेवले. ग्लुकोज म्हणजे आपल्या रक्तात असते तीच साखर. माशांच्या रक्तातली साखर वाढली. डोळ्याचा मागचा पडदा पातळ झाला. पुढे 2020 साली जर्मनीतील संशोधकांनी जन्मापासून साखर वाढलेले मासे तपासले. त्यांच्या डोळ्यांतील बारीक रक्तवाहिन्यांना जादा फाटे फुटलेले होते.

असे का होते? सगळ्यांत बारीक रक्तवाहिनी केसाहून बारीक असते. तिला केशवाहिनी म्हणतात. तिच्यातून रक्ताचे कण एकामागून एक जातात. साखर सतत जास्त राहिली की तिचे आतले अस्तर बिघडते. कुठे ती झिरपते, कुठे बंद पडते. रक्त कमी पडले की डोळ्यात नवे फाटे फुटतात. माणसाच्या डोळ्यात हे फाटे कच्चे असतात. ते फुटतात, रक्त सांडते, आणि नजर जाते. मूत्रपिंडाचेही असेच नुकसान होते. पायाच्या नसा बधिर होतात.

यात धोका असा की सुरुवातीला काहीच दुखत नाही. स्पष्ट दिसते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. आपले अंग काही माशाच्या पिल्लासारखे आरपार नाही. पण डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या डॉक्टरांना दिसतात.

म्हणून साखरेचा त्रास असलेल्याने वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. लघवी आणि रक्त तपासून मूत्रपिंड कसे आहे ते पाहावे. रोज रात्री पायाचे तळवे बघावेत. औषध मनाने बंद करू नये. घाटकोपरचे राजावाडी, पार्ल्याचे कूपर ही पालिकेची रुग्णालये आहेत. गावात आरोग्य केंद्र असते. तेथे जाऊन विचारा.

आणि हो, मासे खाल्ल्याने मधुमेह होत नाही. कालवण खुशाल खा. साखर मात्र तपासा. नजर शाबूत असतानाच तपासा.