परभणीच्या इतिहासाची हद्द कोणती?

पाथरी आज मराठवाड्यातल्या परभणी जिल्ह्यात आहे. अकबराच्या काळातल्या 'ऐन-इ-अकबरी'त मात्र ती वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार म्हणून नोंदली आहे. त्याआधी १५१८ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने ती वऱ्हाडच्या इमादशहाकडून जिंकली. निजामशाहीचे पूर्वज पाथरीचेच कुलकर्णी होते, असे इतिहासकार फरिश्ता सांगतो. मग पाथरीचा इतिहास वऱ्हाडचा, अहमदनगरचा की मराठवाड्याचा?

हा पेच अमेरिकेच्या इतिहासकारांनाही पडला. तिथला आरंभीचा इतिहास दीर्घकाळ १६०७ च्या जेम्सटाऊनपासून सुरू होई आणि १७७६ च्या स्वातंत्र्याकडे जाई. इंग्रजांच्या तेरा वसाहती एवढीच त्याची हद्द. पण स्पॅनिशांनी फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन वसवले ते १५६५ मध्ये, आणि मूळ रहिवासी तर हजारो वर्षांपासून तिथे होते. हे ध्यानात घेऊन अभ्यासकांनी हद्द वाढवली. आता त्यात संपूर्ण खंड येतो, कॅरिबियन बेटे येतात आणि गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची आफ्रिकाही येते.

आपल्याकडे जिल्ह्याचा इतिहास बहुधा हैदराबादच्या निजामी राजवटीपासून सुरू होऊन १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपते तिथे थांबतो. या चौकटीत चारठाण्याची यादवकालीन मंदिरे बसत नाहीत, गंगाखेडची संत जनाबाईही बसत नाही. शिवाय जिल्हा तरी कुठे स्थिर आहे? १९५६ मध्ये तो हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. १९८१ मध्ये परतूर जालन्यात गेले, १९९९ मध्ये हिंगोली वेगळी झाली. आजच्या सीमारेषा मागे ओढल्या, तर आता हिंगोलीत असलेले औंढा नागनाथ आणि नर्सी नामदेव परभणीच्या इतिहासातून गळतील.

म्हणून हद्द प्रश्नाने ठरावी, तहसीलच्या नकाशाने नव्हे. जनाबाईचा शोध घ्यायचा तर गोदाकाठाहून पंढरपूरपर्यंत जावे लागेल. जमीनमहसूल समजून घ्यायचा तर सारे हैदराबाद संस्थान नजरेत हवे आणि मोडीबरोबर फारसी-उर्दू कागदही वाचता यायला हवेत.

आपल्या घरात जुने मोडी किंवा उर्दू दस्त असतील, तर ते रद्दीत टाकू नका. जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या शिक्षकांना दाखवा. परभणीचा इतिहास किती मागे आणि किती दूर जातो, हे अशाच कागदांवरून ठरणार आहे.