समेची चाहूल

नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासून सरकारी दप्तरी अहिल्यानगर या नावाने नोंदल्या गेलेल्या या चौदा तालुक्यांच्या मुलखात, एखाद्या मोठ्या गावच्या हरिनाम सप्ताहात रात्रीच्या जागराला जाऊन बसावे, तर पखवाजावर किंवा पेटीवर एखादा दृष्टिहीन वादक आढळतो, आणि त्याचे तेथे असणे गावाला इतके स्वाभाविक वाटत असते की त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. गायकाने मध्येच लय चढविली, चरण बदलला, टाळकऱ्यांची रांग पुढची मागे गेली, तरी त्याची थाप समेवर अचूक पडते. त्याच वादकाच्या हाती, घरातल्या मुलांच्या आवडीचा, गाण्याच्या ठेक्यावर पडद्यावरील फरशा टिपण्याचा खेळ लावून मोबाइल दिला, तर आयुष्यभर लयीत मुरलेली ती बोटे पहिल्याच आवर्तनात नापास ठरतात, आणि मात्रा कशाशी खातात हेही ज्याला ठाऊक नाही असा, पण नजरेने तरबेज असलेला मुलगा त्याच खेळात मजल दरमजल पुढे जातो. तालाच्या खेळात ताल जाणणारा हरावा आणि न जाणणारा जिंकावा, हा त्या खेळाच्या रचनेतला मूलभूत दोष आहे. तो कसा उत्पन्न झाला, आणि कोणी कोठे तो दूर करण्याची खटपट केली, याचा विचार आपल्या तालशास्त्राच्या आधारे करावा, असे मला पुष्कळ दिवस वाटत होते.

या खेळांचा वंश फार जुना नाही. जपानात १९९६ साली मासाया मात्सुउरा यांचा ‘पॅरॅपा द रॅपर’ आला, पुढच्याच वर्षी कोनामी कंपनीचा ‘बीटमॅनिया’, १९९८ मध्ये पायांनी खेळावयाचा ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’, आणि २००५ मध्ये अमेरिकेत पाच रंगीत कळांची खोटी गिटार हाती देणारा ‘गिटार हीरो’. या सर्वांची मांडणी बहुतांशी एकच आहे: पडद्यावर खुणा सरकत येतात, एका ठरावीक रेषेपाशी त्या पोहोचल्या की कळ दाबावयाची, आणि आघात किती सहस्रांश सेकंद लवकर किंवा उशिरा पडला यावरून गुण मिळावयाचे. गाणे चालू असते खरे. परंतु पुढला आघात कोणत्या कळीवर आणि केव्हा, ही वार्ता गाण्यातून मिळत नाही, ती केवळ चित्रातून मिळते. कान आणि हात यांच्यामध्ये डोळ्याची चौकी बसविली गेली, आणि त्या चौकीवर ज्याच्यापाशी परवाना नाही त्याला लयीच्या राज्यात प्रवेश नाकारला गेला.

आता आपल्या त्रितालाचा ठेका पाहावा. सोळा मात्रा, चार विभाग. पहिल्या मात्रेवर सम, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. हाताने ताल देणारा मनुष्य खालीच्या जागी टाळी न देता हात बाजूस उलटा करतो, आणि ही खूण निःशब्द असल्यामुळे ती केवळ पाहणाऱ्यालाच कळावयाची. परंतु ज्या अनाम गुणिजनांनी हा ठेका बांधला, त्यांनी तीच वार्ता नादातही ठेवून दिली आहे: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा असे दोन विभाग भरीव वाजून झाल्यावर, नववी मात्रा ओलांडताच तबल्याच्या बायाचा, म्हणजे डाव्या अंगाचा, घुमारा नाहीसा होतो, दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत तिं तिं ता ता असे चार आघात एकट्या दाहिन्याच्या कोरड्या नादात निघतात, आणि चौदाव्या मात्रेवर धिं म्हणून बाया पुन्हा बोलू लागतो. बाया परत आला म्हणजे सम तीन मात्रांच्या अंतरावर आली, हे श्रोत्याला कोणी सांगावे लागत नाही. तो मान हलविण्याच्या तयारीनेच बसलेला असतो. शिवाय हे सर्व बोल मुखाने म्हणता येतात, म्हणजे वाद्य नसले तरी ताल तोंडपाठ राहतो. आणि ज्याच्या कानांनी साथ सोडली आहे, त्याला बायाचा तो घुमारा लाकडी पाटावर टेकलेल्या तळहाताने ओळखता येतो. एकच बातमी हात सांगतो, मुख सांगते, कातडे सांगते. आजचे अभियंते सुगम्यतेचे पहिले सूत्र म्हणून जे सांगतात, की कोणतीही आवश्यक सूचना एकाच इंद्रियाच्या हवाली करू नये, ते आपल्या ठेक्यात कोणत्याही कायद्याच्या सक्तीवाचून पाळले गेले आहे.

तिहाईची योजना याहूनही सूक्ष्म आहे. एकच बोलसमूह तीन वेळा वाजवावयाचा आणि तिसऱ्याचा शेवटचा आघात समेवर आणावयाचा. पहिल्या खेपेला श्रोता तो समूह ओळखतो, दुसऱ्या खेपेला त्याचे माप घेतो, आणि तिसऱ्या खेपेला सम कोणत्या क्षणी येणार हे त्याला इतके निश्चित कळलेले असते की सबंध सभा एकाच वेळी दाद देते. भविष्यातील क्षणाची आगाऊ वर्दी निव्वळ नादातून देण्याची ही रीत जर खेळाच्या रचनाकारांना ठाऊक असती, तर उतरत्या फरशांची गरज त्यांना कदाचित भासलीच नसती.

येथे विष्णु दिगंबर पलुसकरांचे स्मरण होते. कुरुंदवाड येथे १८७२ मध्ये जन्मलेल्या, कीर्तनकाराच्या घरच्या या मुलाचे डोळे लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाले, शालेय शिक्षणाचा मार्ग खुंटला, म्हणून त्याला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकण्यास ठेवले गेले, आणि त्यातून १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढणारा पुरुष निर्माण झाला. ज्याची दृष्टी मंद होती त्याच गायकाने संगीत कागदावर उतरविण्याची स्वतंत्र लेखनपद्धती सिद्ध केली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते, परंतु त्याच्या आणि संगीतपंडित भातखंड्यांच्या अशा दोन्ही पद्धतींत अक्षराच्या वर टिंब, खाली रेघ, मात्रांखाली कंस, अशा रीतीने अर्थ उभा रचला जातो, तर ब्रेल लिपी सहा टिंबांच्या घरांतून आडवी चालते. म्हणून १९५१ पासून भारतीय भाषांना समान ब्रेल वर्णमाला मिळाली, तरी स्वरलिपी तीत आणताना प्रत्येक चिन्हाला ओळीत वेगळी जागा द्यावी लागते. चित्र बदलले की अर्थाची मांडणीही मुळापासून बदलावी लागते, हा धडा खेळांनाही जसाच्या तसा लागू आहे.

जपानात हा धडा एका माणसाला आपल्या चाहत्यांकडून मिळाला. केंजी एनो यांचे खेळ चित्रप्रधान असूनही काही अंध खेळाडू ते चिकाटीने खेळतात हे त्यांना कळले, तेव्हा त्यांची भेट घेऊन त्यांनी १९९७ मध्ये ‘रिअल साउंड’ नावाचा, पडद्यावर चित्रच नसलेला खेळ सेगा कंपनीच्या यंत्रासाठी तयार केला. त्याची माहितीपत्रिका ब्रेलमध्ये दिली, आणि तो अन्य यंत्रांवर न देण्याच्या बदल्यात कंपनीने एक हजार यंत्रे अंध व्यक्तींना द्यावीत अशी अट घातली. तो खेळ तालाचा नव्हता, कथेचा होता. परंतु २००६ साली निन्टेन्डोचा ‘रिदम तेंगोकू’ निघाला, त्यात संगीतकार त्सुंकू यांचा हात होता, आणि त्याची घडण मला आपल्या तिहाईच्या अगदी जवळची वाटते: एक छोटा नाद किंवा उच्चार आधी येतो, त्यावरून तुमचा आघात किती मात्रांनी पडावयाचा हे कळते, आणि चित्र हे बहुधा केवळ शोभेपुरते उरते. अंधांसाठी म्हणून तो बनविलेला नव्हता, तरी अंध खेळाडूंमध्ये त्या मालिकेने मोठा लौकिक मिळविला; कारण ज्याने ती रचली त्याने कानावर विश्वास ठेवला. पुढे कर्करोगामुळे त्सुंकू यांना आपल्या स्वरतंतूंना मुकावे लागले, आणि २०१५ मध्ये एका विद्यापीठाच्या प्रवेशसमारंभात त्यांनी ही गोष्ट पडद्यावरील लिखित शब्दांतून जाहीर केली. ज्याने नादातून वार्ता पोहोचविली, त्यालाच शेवटी अक्षरांची वाट धरावी लागली.

स्पर्शाची वाट अमेरिकेत शोधली गेली. नेवाडा विद्यापीठाच्या रेनो येथील शाखेत बेई युआन आणि ईल्के फोल्मर यांनी २००८ मध्ये ‘ब्लाइंड हीरो’ या नावाने एक हातमोजा सादर केला; त्याच्या बोटांत पेजरमध्ये असतात तसल्या चिमुकल्या मोटरी बसविल्या होत्या, आणि जी कळ दाबावयाची त्या बोटाला कंपनाने सूचना मिळे. रंगीत कळांची ती गिटार अशा रीतीने अंधाच्या हातात बोलू लागली. कर्णबधिरांच्या बाबतीत हीच कल्पना उलट्या दिशेने उपयोगी पडते: स्कॉटलंडच्या कर्णबधिर तालवादक एव्हलिन ग्लेनी अनवाणी उभ्या राहून वाजवितात, कारण जमिनीची कंपने त्यांना हवी असतात, आणि ढोल-ताशाच्या पथकाजवळून गेलेल्या कोणालाही छातीत उमटणाऱ्या त्या टोल्याची साक्ष पटवून द्यावी लागणार नाही.

उरला हातांचा प्रश्न, आणि येथेच पंडितांचा आक्षेप उपस्थित होतो. एका हाताने, किंवा एकाच बोटाने, ज्यांना खेळावयाचे आहे त्यांच्यासाठी नियम सैल केले तर कौशल्याचे मोल काय राहिले, असे विचारले जाते. ‘रॉक बँड’च्या २००८ मधील दुसऱ्या भागात खेळाडू कितीही चुकला तरी गाणे मध्येच बंद न पडण्याची मुभा देण्यात आली, मलेशियातील तरुणांनी सुरू केलेला ‘रिदम डॉक्टर’ सबंध एकाच कळीवर चालतो, सातव्या आघातावर ती दाबावयाची एवढेच काम, तरी त्यातील लयीची वळणे चांगल्या वादकाचीही परीक्षा घेतात. टोकियोत तयार होऊन २०२३ मध्ये आलेल्या ‘हाय-फाय रश’मध्ये नायकाचा एक हातच यांत्रिक आहे, आणि तुम्ही कळ थोडी मागेपुढे दाबली तरी त्याचा प्रहार गाण्याच्या ठेक्यावरच पडतो, जसा एखादा मुरब्बी तबलजी गायकाची चुकलेली मात्रा आपल्या पदरात घेऊन सम साधून देतो. माझे मत असे, की येथे दोन गोष्टींची गल्लत होते. लय एक, आणि आघाताला दिलेली सवलतीची मुदत दुसरी. गुरू शिष्याला ठाय लयीत बसवितो, मग दुगुणीत नेतो, आणि ठाय लयीत बसविणे ही लबाडी आहे असे आजवर एकाही घराण्याने म्हटलेले नाही. तसेच मुदत रुंद केल्याने ताल बदलत नाही, फक्त त्याच्या दाराची चौकट रुंद होते. स्पर्धेच्या गुणपत्रिकेत ही सवलत स्वतंत्र नमूद करावी, हे मला मान्य आहे. खेळाच्या दारातच ती नाकारावी, हे मान्य नाही.

आपल्या खेड्यांत हा सारा व्यवहार महागड्या यंत्रांवर होत नाही, तो स्वस्त मोबाइलवर होतो, आणि तेथील अडचणी वेगळ्या आहेत. अँड्रॉइडवरील ‘टॉकबॅक’ ही बोलकी सोय चालू केली, की एका स्पर्शाने जागा वाचली जाते आणि पाठोपाठ दोन स्पर्श केल्यावर आज्ञा अमलात येते. एरवी ही तजवीज उत्तम, पण तालाच्या खेळात तिने वेळेचा पुरता निकाल लागतो, म्हणून खेळ सुरू असताना स्पर्श थेट आत सोडण्याची तरतूद रचनाकाराने करावी लागते. पुष्कळसे खेळ ‘युनिटी’ या साधनावर बनतात आणि सबंध पडदा एकच चित्र म्हणून रंगवितात, त्यामुळे टॉकबॅकसारख्या वाचकयंत्राला आत एकही बटण सापडत नाही. मोबाइलच्या वाचकयंत्राशी बोलण्याची सोय त्या साधनात अगदी अलीकडे आली आहे. त्यात बिनतारी इयरफोनची भर: ब्लूटूथमधून नाद कानी पोहोचण्यास १०० ते २०० सहस्रांश सेकंद सहज लागतात, आणि मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० सहस्रांशांची असते, म्हणजे एक ते दोन पंचमांश मात्रा वाटेतच हरवते. पाहणारा खेळाडू चित्राच्या आधारे हा फरक भरून काढतो. ऐकणाऱ्याला तो आधार नसल्यामुळे तो निष्कारण चुकीचा ठरतो. विलंब मोजून वजा करण्याची सोय बऱ्याच खेळांत असते, परंतु तीही डोळ्यांनीच करावयाची ठेवलेली असते, हे पाहून मन खिन्न होते.

कायद्याने या विषयाला करमणूक म्हणून बाजूस सारलेले नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या २९ व्या कलमात सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांचा स्वतंत्र विचार असून मनोरंजनात सहभागी होता यावे यासाठी तंत्रज्ञान व साहाय्यक उपकरणे विकसित करण्याचे कर्तव्यही शासनावर टाकले आहे. महाराष्ट्रात माणसेही आहेत. स्वागत थोरात यांनी २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, आणि त्यांच्याच दिग्दर्शनाखाली दृष्टिहीन कलावंतांनी ‘अपूर्व मेघदूत’ या नृत्यनाट्यात रंगभूमीवर हालचालींचा ताल सांभाळला. आमच्या नगरात १८३१ पासून ठाण मांडलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, मुंबईस अंध मुलांची शाळा काढली, तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून नावारूपास आली. आणि आज नगरमध्ये अनामप्रेम ही संस्था दृष्टिहीन, कर्णबधिर व अन्य दिव्यांग तरुणांच्या शिक्षणाचे काम करीत आहे.

याच जिल्ह्यात लोणी, कोपरगाव, संगमनेर आणि विळद घाट येथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना दरसाल एखादा प्रकल्प करावाच लागतो. त्यांतील चौघांनी भजनी ठेक्याचा एक खेळ बनवावयास घ्यावा. त्यातील सूचना मराठीत बोलाव्यात. पुढल्या आघाताची चाहूल बोलांतून आणि फोनच्या कंपनातून एकाच वेळी मिळावी. सबंध पडदा म्हणजे पखवाजाची एकच पूड, कोठेही थाप मारावी. लय आणि मुदत या दोन्ही खेळणाऱ्याच्या स्वाधीन असाव्यात. विलंबाचे माप नाद ऐकून घेता यावे. आणि पहिला कच्चा नमुना उभा राहताच तो परीक्षकांच्या आधी सप्ताहातल्या एखाद्या दृष्टिहीन पखवाजियाला, त्याच्या वेळेचा योग्य मोबदला देऊन, तपासावयास द्यावा. तो जेथे अडेल तेथे दुरुस्ती खेळात करावी, आणि मगच रंग, चित्रे व गुणफलक यांच्याकडे वळावे.