लेकराचे ऐकणारे घर



विठ्ठलवाडीहून अंबरनाथ, बदलापूरच्या पुढे डोंगराच्या अंगाला गेले की ठाकर व कातकरी बांधवांच्या वाड्या लागतात. अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मालकाकडून घेतलेली उचल मजुरीतून फेडायची असते. तो हिशेब वहीत लिहिलेला असतो आणि पुष्कळ घरांत ती वही वाचता येते फक्त शाळेत जाणाऱ्या लेकराला. समजा, ते म्हणाले, “बाबा, इथं एक आठवडा कमी लिहिलाय.” तेव्हा बापाने काय करावे? “मोठ्यांच्या मधे बोलू नको” म्हणून त्याला गप्प करावे, की जवळ बसवून पुन्हा वाचायला सांगावे?

प्रश्न एका आठवड्याच्या मजुरीचा आहे, तसाच त्या लेकराचाही आहे. खरे बोलल्यावर मार मिळतो हे एकदा कळले की पुढच्या वेळी ते बोलणार नाही.

पवित्र शास्त्रात एली याजकाची गोष्ट आहे (१ शमुवेल ३). बाळ शमुवेल त्याच्या हाताखाली वाढत होता. रात्री हाक ऐकून तो तीनदा एलीकडे धावत गेला. एलीने त्याला झिडकारले नाही. हाक देवाची आहे हे ओळखून काय उत्तर द्यावे ते शिकवले. सकाळी त्याने काहीही न लपवता सारे सांगायला लावले. निरोप एलीच्याच घराच्या न्यायाचा होता. तरीही त्या वृद्धाने तो मुलाच्या तोंडून ऐकला आणि मान्य केला.

पण याच एलीचा एक दोष होता. त्याचे स्वतःचे पुत्र दुष्टपणे वागत असताना त्याने त्यांना आवरले नाही. म्हणून मुलांचा मान राखणे म्हणजे त्यांना मोकाट सोडणे नव्हे. शिस्त हवीच, आणि ऐकून घेणारे मनही हवे.

पौलाने मुलांना आज्ञाधारक राहण्यास सांगितले आणि लगेच बापांनाही बजावले की मुलांना चिडीला आणू नका, त्यांचे मन खचू देऊ नका (इफिस ६:४, कलस्सै ३:२१). त्या काळी रोमी कायद्याने बापाला मुलांवर जवळजवळ अमर्याद सत्ता दिली होती. अशा समाजात बापालाही मर्यादा आहे असे सांगणे ही मोठीच गोष्ट होती. प्रभू येशूनेही, शिष्य लेकरांना अडवू लागले तेव्हा, शिष्यांनाच रागावून लेकरांना कवेत घेतले (मार्क १०:१३-१६).

आपल्या परिसराशी नाते असलेले एक उदाहरण पाहू. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) लहानपणी काही वर्षे कल्याणला शिकले. विठ्ठलवाडीच्या शेजारचेच हे स्थानक. त्यांचे वडील कडक स्वभावाचे होते, आई जानकीबाई मायाळू. आई गेल्यावर हा मुलगा घर सोडून नाशिकला गेला. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक स्वतःही तापट होते. पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे लपवलेले नाही, पण त्यांना राग जसा चटकन येई, तसा पश्चात्तापही होई, हेही तिथे दिसते. राग येणारा प्रत्येक बाप वाईट नसतो. चुकल्यावर तो माघारी वळतो का, हे महत्त्वाचे.

आपण घरी काय करू शकतो?

१. शिक्षा करण्याआधी विचारावे: “काय झालं? तू सांग.” आणि पूर्ण ऐकावे.

२. आपण चुकलो तर लेकराला स्पष्ट सांगावे: “माझं चुकलं.” यामुळे बापाचा मान कमी होत नाही; उलट मुले क्षमा मागायला शिकतात.

३. पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर मुलाला किंवा मुलीला हिणवू नये.

४. शाळा, लग्न, कामावर जाणे यांविषयी ठरवताना मुलीचेही मत विचारावे.

५. दारूच्या नशेत मुलांवर हात उचलणे ही शिस्त नव्हे, ते पाप आहे. त्यासाठी मंडळीकडे मदत मागण्यात लाज नाही.

हे आम्हा सेवकांनाही लागू आहे. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई आहे. पण केवळ कायद्याच्या भीतीने हात आवरणे पुरेसे नाही. शिवाय मुलांसमोर त्यांच्या अडाणी आईबापांना कमी लेखण्याची चूक आमच्याकडून होऊ नये. ज्या बापाने भट्टीवर राबून लेकराला वाचायला धाडले, त्याचा मान त्या लेकराने राखावा, म्हणून आधी आपण राखला पाहिजे.

या तिमाहीत भट्टीवर असलेल्या कुटुंबांसाठी प्रार्थना करा. हे पित्या, आम्हा आईबापांना नम्र मन दे, आणि आमच्या लेकरांच्या तोंडून तू बोलशील तेव्हा ऐकणारे कान दे. आमेन.