धावपट्टीच्या पलीकडे

पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू आहे. मांद्र्याच्या किनाऱ्यावरून आकाशात दिसणाऱ्या विमानांचे आता शाळकरी मुलांनाही नवल राहिलेले नाही. नवल ओसरले की खरा प्रश्न पुढे येतो. ज्या तालुक्याने या धावपट्टीसाठी आपली जमीन दिली, त्याच्या वाट्याला विमानविद्येतले काय येणार?

ही विद्या गोव्याला परकी नाही, हे फार थोड्यांच्या ध्यानी आहे. दाबोळी येथील नौदलाच्या आय.एन.एस. हंसा तळावर विमानवाहू नौकेच्या डेकची प्रतिकृती जमिनीवर उभारलेली आहे. तेथे झेपेसाठी वर वळलेला उतार आहे आणि उतरणारे विमान अडविणारी पोलादी तारही आहे. नौदलासाठी घडविलेल्या ‘तेजस’च्या प्रायोगिक विमानाने २० डिसेंबर २०१४ रोजी या उतारावरून प्रथम झेप घेतली. शेपटीखालच्या आकड्याने तार पकडून सुमारे नव्वद मीटरांत थांबण्याच्या कसोटीस मात्र ते १३ सप्टेंबर २०१९ रोजी उतरले. मध्ये जवळजवळ पाच वर्षे गेली. त्यानंतरच ११ जानेवारी २०२० रोजी ते भर समुद्रात ‘विक्रमादित्य’वर आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये स्वदेशी ‘विक्रांत’वर उतरू शकले.

यातील बोधप्रद भाग निराळाच आहे. वजन अधिक असल्याने हे विमान आपल्या गरजांस पुरे पडणार नाही, असे नौदलाने २०१६ मध्येच स्पष्ट केले होते. तरीही चाचण्या थांबल्या नाहीत. कारण त्यांतून मिळणारे ज्ञान पुढच्या दोन इंजिनांच्या विमानास उपयोगी पडणार होते. प्रायोगिक विमान ताफ्यात दाखल झाले नाही म्हणजे श्रम वाया गेले, असा हिशेब या क्षेत्रात चालत नाही.

पुष्पक विमानाचा अभिमान आपणा सर्वांस आहे आणि काव्याच्या ठिकाणी तो योग्यच आहे. परंतु १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडविल्याच्या कथेस विश्वासार्ह समकालीन पुरावा मिळत नाही. आणि ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथात वर्णिलेली विमाने उडूच शकत नाहीत, असा निर्वाळा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये दिला आहे. त्यापेक्षा कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादव यांचे उदाहरण आम्हांस मोलाचे वाटते. इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले, नोंदणीसाठी वर्षानुवर्षे सरकारी उंबरठे झिजवून २०१७ मध्ये ती मिळविली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडवून दाखविले.

मोपाच्या विमानतळास नाव आहे ते मनोहर पर्रीकरांचे. ते स्वतः अभियंते होते, आणि त्यांच्याच संरक्षणमंत्रिपदाच्या काळात, जुलै २०१६ मध्ये, ‘तेजस’ वायुदलात दाखल झाले. त्या नावाची बूज राखावयाची, तर पेडण्यातील मुलामुलींना विमानांची देखभाल, धातुकाम आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचे उत्तम शिक्षण तालुक्यातच मिळावयास हवे. नौदलाच्या अनुमतीने दाबोळीची ती प्रतिकृती त्यांना पाहावयास मिळाली, तर अधिकच चांगले. विमानतळावर सामान वाहण्यात कमीपणा मुळीच नाही. पण जमीन देणाऱ्याच्या लेकीने त्याच विमानाचे इंजिन तपासून उड्डाणास योग्य असल्याची सही करावी, तो दिवस उगवेल तेव्हाच हा विमानतळ पेडण्याचा झाला असे आम्ही म्हणू.