बोला, काय हवंय?

सिक्रेट सांताचे मग आणि सोनपापडीचे डबे पुष्कळ झाले. 2024 च्या दिवाळीत चेंबूरच्या आमच्या सोसायटीनं एक वेगळाच फंडा काढला. ज्याला जे हवंय ते त्यानं ग्रुपवर सरळ लिहायचं आणि ज्याला जमेल त्यानं ते पूर्ण करायचं. ऐकायला किती सोपं वाटतं ना? आम्हालाही तसंच वाटलं होतं!

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी तीनच विषय चालतात. पाणी कधी येणार, कुणाची गाडी कुणाच्या जागेवर लागलीय आणि रीडेव्हलपमेंटचं पुढे काय झालं. उरलेल्या वेळात गुड मॉर्निंगची फुलं. अशा या ग्रुपवर दिवाळीच्या दहा दिवस आधी मी एक मेसेज टाकला, ‘यंदा मिठाईचे डबे इकडून तिकडे फिरवण्यापेक्षा एकमेकांच्या इच्छा पूर्ण करू या का? ज्याला जे हवंय ते लिहा. महागडी वस्तू नको, शेजाऱ्याला जमेल असं काहीही.’

पाच मिनिटांत अंगठ्यांचा पाऊस! ‘मस्त आयडिया’, ‘व्वा’, ‘मी आहे’. संध्याकाळपर्यंत सतरा जणांनी कळवलं की आम्ही काहीही करायला तयार आहोत. कुणी गाडी द्यायला तयार, कुणी चकल्या तळून द्यायला, कुणी लहान मुलांना सांभाळायला. आणि इच्छा किती आल्या?

शून्य.

दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशीही शून्य. द्यायला अख्खी बिल्डिंग रांगेत उभी आणि घ्यायला कुणी पुढेच येईना.

निळी सँडल

हे खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं ते आधी सांगते. माझं ऑफिस बीकेसीत. दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या रिसेप्शनजवळ एक झाड उभं राहतं. खरं झाड नव्हे, तारेचं. त्याला चिठ्ठ्या लटकवलेल्या असतात. हे ‘विश ट्री’. 2009 मध्ये आपल्या देशात ‘जॉय ऑफ गिव्हिंग वीक’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्याचंच पुढे ‘दानउत्सव’ असं नामकरण झालं. गांधी जयंतीचा मुहूर्त धरून 2 ते 8 ऑक्टोबर हा आठवडा साजरा होतो. झाडाचा हिशेब साधा आहे. एखादी संस्था आपल्याकडच्या मुलांना किंवा आजी-आजोबांना काय हवंय ते विचारते आणि चिठ्ठ्या लिहून ऑफिसात पाठवते. आपण एक चिठ्ठी तोडायची, त्यातली वस्तू आणायची आणि त्या चिठ्ठीसकट परत द्यायची.

2024 मध्ये माझ्या वाट्याला आलेली चिठ्ठी अशी होती : ‘निळी सँडल. पट्टीवाली. तीन नंबर. शाळेची नको, बाहेर जायची.’

आता बघा हं, माझं काय झालं. मला वाटलं, सँडल काय द्यायची! तीनशे-साडेतीनशेची वस्तू. आपण काहीतरी छान देऊ. मी चोवीस रंगांचा बॉक्स घेतला, चित्रकलेची मोठी वही घेतली, गोष्टींची चार पुस्तकं घेतली. बाराशे रुपये झाले. चकचकीत कागद, वर रिबीन. फोटो काढून स्टेटसला टाकला, लाइक्स मिळवले आणि आपण किती भारी आहोत या आनंदात घरी आले.

आठवड्यानं संस्थेतल्या ताईंचा फोन आला. ‘मुलीला पुस्तकं आवडली, थँक्यू सांगितलंय,’ असं म्हणून त्या जरा थांबल्या. मग हसत म्हणाल्या, ‘ती विचारत होती, माझी चिठ्ठी हरवली का?’

यार, त्या रात्री मला झोप लागली नाही. तिनं रंग, पट्टी, नंबर सगळं नीट लिहिलं होतं. मीच तिची चिठ्ठी वाचून बाजूला ठेवली होती आणि मला जे द्यावंसं वाटलं ते दिलं होतं. दुसऱ्या दिवशी चेंबूर स्टेशनबाहेरच्या मार्केटमध्ये सहा दुकानं पालथी घातली तेव्हा कुठे तीन नंबरची निळी पट्टीवाली सँडल मिळाली. ती पाठवून दिली. या वेळी फोटो काढला नाही.

देवाला चालतं, शेजाऱ्याला नाही

तर ग्रुपवरचं ते शून्य बघून मला गंमत वाटायला लागली. कारण मागण्यात आपण मुंबईकर तसे अजिबात लाजाळू नाही! फक्त आपण मागतो ते देवाकडे. त्याला नवस बोलतो आणि काम झालं की फेडतो. लालबागच्या राजाची गोष्टच घ्या ना. पेरू चाळीतला बाजार बंद पडला तेव्हा तिथल्या कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस केला. जागा मिळाली आणि 1934 मध्ये तिथे गणपती बसला. आजही तिथे नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी.

बांद्र्याला सप्टेंबरात मोतमाउलीची जत्रा भरते, तिथे तर इच्छेचा चक्क आकार मिळतो. हात दुखतोय? मेणाचा हात. घर हवंय? मेणाचं घर. मूल हवंय? मेणाचं बाळ. सगळ्या धर्मांचे लोक ते विकत घेतात आणि मेरीपुढे ठेवतात. काय हवंय ते तिथे कुणी लपवत नाही. सगळ्यांच्या हातातच असतं!

साहेबांच्या देशांतली मुलं सांताला पत्रं लिहितात. ती पत्रं जायची कुठे? अमेरिकेत 1912 मध्ये तिथल्या पोस्टमास्तर जनरलनं परवानगी दिली की पोस्टातल्या लोकांनी आणि इतर नागरिकांनी ही पत्रं उघडावीत आणि उत्तरं द्यावीत. ‘ऑपरेशन सांता’ तिथूनच आलं. आता ती पत्रं मुलांची नावं-पत्ते झाकून वेबसाइटवर लावतात. कुणीही एक पत्र निवडायचं आणि भेट पाठवायची. जपानमध्ये 7 जुलैच्या सुमाराला तानाबाता नावाचा सण असतो, तेव्हा लोक रंगीत कागदांच्या पट्ट्यांवर इच्छा लिहून बांबूच्या फांद्यांना बांधतात. आणि आपल्या मुंबईतच 1996 पासून ‘मेक अ विश फाउंडेशन ऑफ इंडिया’ काम करतेय. जिवावरच्या आजाराशी झुंजणाऱ्या मुलांना ही मंडळी आधी विचारतात, ‘तुला काय हवंय?’ आणि मग तेच देतात. कुणाला पोलिस व्हायचं असतं, कुणाला नटाला भेटायचं असतं. संस्थेचं मूळही तसंच आहे. अमेरिकेत 1980 मध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या सात वर्षांच्या ख्रिस ग्रेशियसला पोलिस व्हायचं होतं. अ‍ॅरिझोनाच्या पोलिसांनी त्याला गणवेश शिवून दिला आणि एक दिवस खराखुरा पोलिस केला.

या सगळ्यात एक गोष्ट कॉमन दिसेल. मागणाऱ्याला कुणाच्या तोंडाकडे बघायचं नसतं. देव ओळखीचा नाही, सांता तर नाहीच नाही. शेजाऱ्याचं तसं नाही. त्याला आज ‘मला अमुक हवंय’ म्हटलं की उद्या लिफ्टमध्ये तो भेटणारच. आपल्याकडे काय कमी आहे ते त्याला कळलेलं असणार. आणि समजा त्यानं काहीच केलं नाही तर?

आईचा प्रश्न

तिसऱ्या रात्री मी आईसमोर कुरकुरत होते की लोकांना मागायचीसुद्धा अक्कल नाही. ती करंज्यांचं सारण हलवत होती. मान वर न करता तिनं विचारलं, ‘तू काय मागितलंस?’

मी गप्प. मी तर आयोजक! आयोजक कुठे मागतात?

पण मला हवं होतं. खाली, कंपाउंडच्या भिंतीला लागून, ताडपत्रीखाली बाबांची चेतक उभी होती. 1996 ची, निळसर राखाडी. बाबा 2021 मध्ये गेले तेव्हापासून तिला कुणी हात लावला नव्हता. तिची कागदपत्रंही त्याच वर्षी संपली. आता बिल्डिंग पाडायला जाणार होती. चेंबूरमध्ये सध्या दर दुसऱ्या गल्लीत हेच चाललंय म्हणा! डिसेंबरअखेर कंपाउंड रिकामं करायचं होतं आणि भंगारवाला येऊन भाव सांगून गेला होता.

मी चारदा टाइप केलं आणि चारदा खोडलं. शेवटी डोळे मिटून सेंड केलं, ‘बाबांची चेतक भंगारात जायच्या आधी मला एकदा ती चालू झालेली ऐकायचीय. कुणाला येते का?’

त्यानंतर दहा मिनिटं ग्रुप शांत. मग चौथ्या मजल्यावरच्या तमिळ मामींचा मेसेज आला, ‘नातवाचं मराठी कच्चं आहे. कुणी त्याच्याशी रोज मराठीत बोलेल का? शिकवू नका, फक्त बोला.’ मग बीएआरसीतून रिटायर झालेले आजोबा लिहिते झाले. दिवाळी अंक आणलेत, पण आता डोळे साथ देत नाहीत, कुणी रोज अर्धा तास वाचून दाखवेल का? (1909 मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी अंकाशिवाय गोड होत नाही. आजोबा तरी कशी करतील!) एका कॉलेजकन्येला मॉक इंटरव्ह्यू हवा होता. वॉचमनभैया ग्रुपवर नाहीत, त्यांना सेक्रेटरींनी जाऊन विचारलं. त्यांना लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दोन तास हवे होते, गावी व्हिडिओ कॉल करून घरची पूजा बघायला. मग काय, बी विंगमधली दोन आयटीवाली पोरं झब्बे घालून गेटवर खुर्च्या टाकून बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याची रजिस्टरमध्ये सही घेतल्याशिवाय त्यांनी सेक्रेटरींनासुद्धा आत सोडलं नाही!

तळमजल्यावरच्या सिंधी आंटींना भाजणीच्या चकल्या शिकायच्या होत्या. आईनं त्यांना शिकवल्या आणि त्यांनी रविवारी सकाळी आम्हाला घरी बोलावून दाल पकवान खाऊ घातलं. मामींच्या नातवाला आजोबांकडे पाठवलं. तो अडखळत वाचायचा आणि आजोबा उच्चार सुधारायचे. एका दगडात दोन इच्छा!

सगळं जमलं असं मात्र नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं होतं, ‘मुलगा दिवाळीला घरी यावा.’ त्यावर कोण काय करणार? भाऊबीजेला तिघीजणी त्यांच्याकडे जेवायला गेल्या. मुलगा आला नाही.

एक राउंड

आणि माझी चेतक? धनत्रयोदशीला सकाळी बेल वाजली. दारात सी विंगमधले काका. हातात पान्यांची पिशवी, स्पार्क प्लग आणि पॉलिश पेपर. मी बघतच राहिले. कारण या काकांचं आणि बाबांचं पार्किंगवरून वाजलं होतं ते 2015 मध्ये. त्यानंतर दोघे एकमेकांशी शब्द बोलले नव्हते. बाबा गेले तेव्हा काका खाली येऊन लांब उभे राहिले होते, एवढंच आठवतं.

‘किल्ली आण,’ ते म्हणाले.

दोन तास लागले. जुनं पेट्रोल काढलं. कार्बोरेटर उघडून साफ केला. नवीन पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घातलं. प्लग बदलला. चोक ओढून किक मारल्या. दहा, वीस, तीस. काहीच नाही. काका घामाघूम. मग त्यांनी स्कूटर धरून एका बाजूला वाकडी केली. ज्यांच्या घरी चेतक होती त्या सगळ्यांना ही पोझ माहीत आहे! ती सरळ करून काकांनी आणखी दोन किक मारल्या.

आणि ती सुरू झाली. आधी खोकली, मग सायलेन्सरमधून पांढरा धूर सोडत तोच तो आवाज. सकाळी सव्वासातचा, बाबा ऑफिसला निघतानाचा. वर बघितलं तर आई गॅलरीत आलेली. हाताला पीठ तसंच.

काका हात पुसत म्हणाले, ‘तुझ्या बाबाला हजारदा सांगितलं होतं, प्लग वेळेवर बदलत जा. ऐकेल तर शपथ!’

मी विचारलं, ‘काका, तुम्ही ग्रुपवर काही लिहिलं नाहीत. तुम्हाला काय हवंय?’

ते बराच वेळ हँडल धरून उभे होते. मग म्हणाले, ‘एक राउंड मारू?’

कागदपत्रं नाहीत, त्यामुळे गेटच्या बाहेर नाही. काकांनी कंपाउंडमध्येच तीन राउंड मारले. तिसऱ्या राउंडला स्कूटर बाबांच्या जुन्या जागेवर नेऊन नीट स्टँडला लावली. भांडण ज्या जागेवरून झालं होतं, तिथेच.

चेतक जानेवारीत भंगारात गेली. माझ्या फोनमध्ये तिच्या आवाजाची 47 सेकंदांची क्लिप आहे. आणि आता ग्रुपवर कुणी ‘मी काय करू शकतो?’ असं लिहिलं की मामी लगेच विचारतात, ‘ते राहू द्या. तुम्हाला काय हवंय?’

तुमच्या ग्रुपवर करायचंय?

• पहिली इच्छा आयोजकानं लिहावी आणि ती खरी असावी. ‘जगात शांती नांदो’ टाइप नको!

• नेमकं लिहा. ‘मदत हवी’पेक्षा ‘शनिवारी दोन तास आईला दवाखान्यात न्यायला कुणीतरी हवंय’ हे बरं.

• जे मागितलंय तेच द्या. तुम्हाला त्याहून छान काही सुचलं असेल, तर आधी विचारा.

• जे ग्रुपवर नाहीत त्यांना जाऊन विचारा. वॉचमन, कामवाल्या ताई, फोन न वापरणारे आजी-आजोबा.

• एखादी इच्छा पूर्ण होणार नाही. तसं सरळ सांगा, पण त्या घरी एकदा जाऊन या.

• फोटो काढायच्या आधी समोरच्याची परवानगी घ्या. शक्यतो काढूच नका.