पेडल स्टील गिटारची स्वरजुळणी : यांत्रिक बिघाड आणि श्रुतिभेद

प्रस्तावना

पेडल स्टील गिटार हे प्रामुख्याने अमेरिकेतील कंट्री संगीताचे वाद्य होय. हवाई बेटांतील आडव्या गिटारीपासून ते विकसित झाले. तारेवर पोलादी दांडा सरकवून वाजविण्याची हीच मूळ रीत ब्रिजभूषण काब्रा यांनी रागसंगीतात रुजविली. 'कॉल ऑफ द व्हॅली' (१९६७) या ध्वनिमुद्रिकेमुळे ती मराठी श्रोत्यांनाही परिचित आहे. अमेरिकेत मात्र या वाद्याला पेडलांची जोड मिळाली. वेब पियर्स यांच्या १९५४ साली गाजलेल्या 'स्लोली' या गीतात बड आयझॅक्स यांनी तार निनादत असतानाच पेडल दाबून तिचा स्वर चढविला आणि त्या मींडसदृश ध्वनीने या वाद्याची पुढील वाटचाल निश्चित केली.

'वाद्य सुरात राहत नाही' ही या वाद्याच्या वादकांची नित्याची तक्रार आहे. तिच्या मुळाशी तीन भिन्न कारणे असतात: यंत्रणेतील घर्षण वा चुकीची जुळणी, वाद्याच्या सांगाड्याचे वाकणे आणि स्वरांचे गणित. पहिले दुरुस्त करता येते, दुसऱ्याची भरपाई करता येते. तिसऱ्याशी केवळ तडजोड शक्य असते. कारण न ओळखता उपाय करणारा वादक निर्दोष यंत्रणाही बिघडवून ठेवतो.

यंत्रणा आणि तिचे दोष

नॅशव्हिलमध्ये रूढ असलेल्या 'ई-नऊ' मेळात दहा तारा असतात. सर्वांत दूरच्या तारेपासून मोजल्यास एफ-शार्प, डी-शार्प, जी-शार्प, ई, बी, जी-शार्प, एफ-शार्प, ई, डी आणि बी असा त्यांचा क्रम लागतो. ई हा षड्ज मानला तर जी-शार्प गांधार, बी पंचम आणि एफ-शार्प ऋषभ ठरतो. पहिले पेडल पंचमाच्या तारा धैवतापर्यंत चढविते. दुसरे गांधाराच्या तारा मध्यमापर्यंत. दोन्ही एकत्र दाबली की षड्जाचा स्वरसंघात मध्यमाचा होतो. गुडघ्याने ढकलावयाच्या तरफा आणखी काही तारा चढवितात वा उतरवितात.

पेडलाची ओढ सळयांच्या द्वारे वादकाच्या उजव्या हाताकडील 'चेंजर' या भागाला मिळते. मोकळ्या तारेचा स्वर डावीकडील खुंटीने लावतात, तर चढलेला वा उतरलेला स्वर उजव्या टोकाच्या नायलॉनच्या नटाने. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. मोकळा स्वर आधी लावावा, पेडलाचा नंतर. खुंटी पुन्हा फिरविली की पेडलाचा स्वरही ढळतो.

सर्वाधिक त्रासदायक दोष म्हणजे पेडल सोडल्यावर तार मूळ स्वरावर न परतणे. येथे चूक कोणत्या दिशेने होते हे पाहणे उद्बोधक ठरते. तार खुंटीकडे जाताना एका लहान फिरत्या कप्पीवरून जाते. पेडल दाबले की कप्पीपलीकडील तारेचा सूक्ष्म अंश वाजत्या भागात ओढला जातो. कप्पी अडखळत असेल तर सोडल्यानंतर तो अंश पूर्णपणे मागे जात नाही, वाजत्या भागातील ताण किंचित कमी राहतो आणि स्वर उतरलेला भासतो. उतरविणाऱ्या तरफेनंतर नेमके उलट घडते, स्वर किंचित चढा राहतो. चढविल्यानंतर उतरलेला व उतरविल्यानंतर चढा, अशी जोडी आढळली तर खुंटीला हात न लावता कप्पी स्वच्छ करून तिला तेलाचा अत्यल्प अंश द्यावा. खुंटीवर तारेचे वेढे मोजकेच ठेवणेही हितावह असते.

नायलॉनचा नट अतिघट्ट असल्यास तार विश्रांतीच्या स्थितीतही किंचित ओढलेली राहते. नट थोडा सैल केल्यावर मोकळा स्वर बदलला, तर हाच दोष समजावा. जी तार चढविलीही जाते व उतरविलीही जाते, तिची परतीची स्प्रिंग दुर्बळ असल्यास चढविताना उतरविणारा भागही जागचा हलतो आणि स्वर अपेक्षित उंची गाठत नाही. पेडल दाबून त्या भागाकडे पाहिल्यास ही हालचाल डोळ्यांनाही दिसते. नव्या तारेचे ताणले जाणे आणि रंगमंचावरील उष्णता ही कारणे उघडच आहेत.

सांगाड्याचे वाकणे वेगळे ओळखावे लागते. चौथी तार, म्हणजे षड्ज, छेडून दोन्ही पेडले दाबावीत. या पेडलांचा त्या तारेशी संबंध नसतानाही ट्यूनरवर तिचा स्वर काही सेंटने उतरतो (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). इतर तारांचा वाढलेला ताण आणि पायाचा दाब यांमुळे सांगाडा वाकतो, हे त्याचे कारण. उत्तम बांधणीच्या वाद्यांतही हे थोडेफार आढळते. त्यामुळे काही वादक षड्ज पेडल दाबलेल्या स्थितीतच लावतात.

श्रुतिभेदाचा प्रश्न

वरील सर्व दोष दूर झाल्यावरही ऋषभ बेसूर लागतोच, आणि येथेच वादक निष्कारण नट फिरवीत बसतो. षड्जापासून शुद्ध पंचम ७०२ सेंटवर येतो. त्या पंचमाशी शुद्ध संवाद साधणारा ऋषभ २०४ सेंटवर असतो. पेडले दाबल्यावर मध्यम ४९८ सेंटवर आणि त्याचा शुद्ध गांधार होणारा धैवत ८८४ सेंटवर येतो. या धैवताशी जुळणारा ऋषभ मात्र १८२ सेंटवर हवा. एकाच तारेकडून २२ सेंटच्या अंतरावरील दोन स्वरांची अपेक्षा केली जाते. कोणतीही दुरुस्ती हे अंतर मिटवू शकत नाही.

भारतीय संगीतशास्त्राच्या अभ्यासकास हे अंतर अपरिचित नाही. एक चतुःश्रुतिक ऋषभ, दुसरा त्रिश्रुतिक. त्यांतील ८१:८० हे गुणोत्तर अनेक विद्वान भरताची प्रमाणश्रुती मानतात. नाट्यशास्त्रात षड्जग्रामात ऋषभ-धैवताचा संवाद आहे, ऋषभ-पंचमाचा नाही. मध्यमग्रामात पंचम एका श्रुतीने उतरवून तो साधला जातो. दोन वीणांवरील सारणेचा प्रयोग याच भेदावर उभा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये श्रुतींवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुति-हार्मोनियमचा पाठपुरावा केला, तोही याच प्रश्नापोटी. हार्मोनियमच्या समविभाजित सप्तकात गांधार ४०० सेंटवर, म्हणजे शुद्ध गांधाराहून सुमारे १४ सेंट चढा असतो. पियानोबरोबर वाजविणारे काही स्टील गिटारवादक ट्यूनरवर सर्व स्वर याच पद्धतीने लावतात व गांधाराचा कर्कशपणा दांड्याच्या कंपनाने झाकतात.

शुद्ध स्वरांचा आग्रह धरणारे बहुधा ऋषभ दोन्ही स्थानांच्या मध्यावर ठेवतात. याहून चतुर मार्ग म्हणजे पहिल्या पेडलाला एक जादा सळई जोडणे: पंचम धैवताकडे चढत असतानाच ती ऋषभाच्या तारा किंचित उतरविते. ग्रामभेदच जणू पायाने साधला जातो. मात्र प्रत्येक जादा सळईगणिक पेडल जड होते आणि ऋषभाच्या तारा परतीच्या दोषाला नव्याने पात्र ठरतात. म्हणून अशी जोडणी केल्यावर पहिल्या व सातव्या तारेची कप्पी आणि स्प्रिंग पुन्हा तपासावी लागते.