मॉर्मन समाजातली साठ वर्षांची ओढाताण

1966 साली कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात युजीन इंग्लंड आणि वेस्ली जॉन्सन या दोन तरुण मॉर्मन अभ्यासकांनी मित्रांना जमवून ‘डायलॉग’ नावाचे त्रैमासिक सुरू केले. त्यात चर्चचा पैसा नव्हता आणि चर्चशी वैरही नव्हते. आपल्या धर्माचा इतिहास, त्यातले अवघड प्रश्न, कथा, कविता हे सारे श्रद्धावंतांनीच मोकळेपणाने लिहावे, एवढीच या मंडळींची इच्छा होती. तिथपासूनच्या सुमारे साठ वर्षांत मॉर्मन समाजातले सुधारणावादी आणि परंपरावादी एकमेकांशी सतत झगडत आले आहेत. या काळाचा मागोवा घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. प्रश्न आधी विचारणाऱ्याला शिक्षा होते, आणि पुढे चर्च तेच उत्तर स्वतःच्या अधिकारात जाहीर करते. त्या माणसाचे नाव मात्र कुणी घेत नाही.

हा संप्रदाय तसा तरुण. जोसेफ स्मिथ यांनी 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. 1838 मध्ये मिसूरीच्या राज्यपालांनी मॉर्मनांना हाकलून लावण्याचा, वेळ पडल्यास संपवण्याचा हुकूम काढला. 1844 मध्ये इलिनॉयच्या तुरुंगात जमावाने स्मिथ यांना गोळ्या घातल्या. मग ब्रिगहॅम यंग यांनी अनुयायांना वाळवंट तुडवत 1847 मध्ये आजच्या युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात नेले. त्यानंतर पाचच वर्षांनी ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक प्रचारक आपल्या मुंबईत उतरला होता. पुण्यातही त्याने काम केले, पण इथे फारसे काही रुजले नाही. युटामध्ये मात्र एक अख्खा समाज उभा राहिला, आणि बाहेरचे जग आपल्याला पुसून टाकायला टपले आहे ही भीती त्याच्या हाडीमाशी भिनली. आतल्या टीकाकाराला तिथे इतक्या चटकन शत्रू का मानले जाते, ते या आठवणींशिवाय समजत नाही.

दुसरी गोष्ट चर्चच्या रचनेची. गावपातळीवर पगारी पुरोहित नसतात. बिशप म्हणजे शेजारचाच एखादा दंतवैद्य किंवा विमा एजंट, आठवड्याचे कित्येक तास फुकट राबणारा. याजकपद साधारण बारा वर्षांच्या मुलापासून जवळजवळ प्रत्येक पुरुषाला मिळते, स्त्रियांना मिळत नाही. सर्वांत वर अध्यक्ष असतो. बारा प्रेषितांच्या मंडळातला सर्वांत ज्येष्ठ माणूस त्या जागी येतो आणि मरेपर्यंत राहतो. तो हयात संदेष्टा मानला जातो, म्हणजे देव आजही त्याच्याशी बोलतो. तेव्हा या धर्मात बदलाला जागा आहेच, मात्र दार वरूनच उघडते. सुधारणावादी म्हणतात, देव बोलतो ना, मग विचारा त्याला. परंपरावादी म्हणतात, विचारायचे की नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? दोघेही एकाच शिकवणीचा आधार घेतात, म्हणून हा वाद मिटता मिटत नाही.

साठच्या दशकातला सर्वांत ज्वलंत प्रश्न वर्णाचा होता. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद नाही आणि कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांना मंदिरातल्या विधींना मज्जाव, असा नियम 1852 मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्या काळात पडला होता. शेजारच्या गोऱ्या घरातल्या बारा वर्षांच्या पोराला जे सहज मिळे, ते साठ वर्षांच्या सचोटीच्या कृष्णवर्णीय सभासदाला मिळत नसे. 1969 मध्ये वायोमिंग विद्यापीठाच्या चौदा कृष्णवर्णीय फुटबॉलपटूंनी चर्चच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात काळ्या फिती बांधण्याची परवानगी मागितली, तर प्रशिक्षकाने चौदाही जणांना संघातून काढले. वरिष्ठ नेतृत्वातही दुफळी होती. अध्यक्षांच्या सल्लागारांपैकी ह्यू ब्राउन यांना हा नियम उठावा असे वाटत होते. नागरी हक्कांच्या चळवळीमागे कम्युनिस्टांचा हात आहे, असे प्रेषित एझ्रा टॅफ्ट बेन्सन जाहीरपणे सांगत होते.

1973 मध्ये लेस्टर बुश या डॉक्टरांनी ‘डायलॉग’मध्ये एक दीर्घ लेख लिहिला. जोसेफ स्मिथ यांनी ही बंदी घातल्याचा पुरावा सापडत नाही, ती यंग यांच्या काळातली आहे, हे त्यांनी कागदपत्रांनिशी दाखवले. स्मिथ यांच्या हयातीत, 1836 मध्ये, एलायजा एबल या कृष्णवर्णीय माणसाला याजकपद दिलेही गेले होते. पाच वर्षांनी, जून 1978 मध्ये, अध्यक्ष स्पेन्सर किंबल यांनी साक्षात्कार झाल्याचे सांगून बंदी उठवली. त्या वर्षी ब्राझीलमधल्या साओ पाउलो इथे नवे मंदिर तयार होत होते, आणि त्या मिश्र वंशाच्या देशात कुणाच्या रक्तात आफ्रिकेचा अंश आहे हे ठरवणार कोण, ही अडचणही होतीच. या बंदीचे आयुष्यभर समर्थन केलेले प्रेषित ब्रूस मॅकॉन्की यांनी दोन महिन्यांनी धर्मशिक्षकांना सांगितले की, मी आणि इतरांनी यावर पूर्वी जे म्हटले ते विसरून जा. असे मान्य करायला मोठे मन लागते. पण बंदीच्या समर्थनार्थ सांगितले गेलेले सिद्धान्त चर्चने लेखी नाकारले ते डिसेंबर 2013 मध्ये. मधल्या पस्तीस वर्षांत किती कृष्णवर्णीय सभासदांनी ते सिद्धान्त रविवारच्या वर्गात ऐकून घेतले असतील!

इतिहासाचे दारही याच सुमारास उघडले आणि मिटले. 1972 मध्ये लेनर्ड अॅरिंग्टन हे पेशाने इतिहासकार असलेले गृहस्थ चर्चचे अधिकृत इतिहासकार झाले. दप्तरखाने खुले झाले, तरुण संशोधक कामाला लागले. त्यांनी लिहिलेला इतिहास प्रामाणिक होता, आणि तोच काहींना खुपला. त्यात देवाचा हात पुरेसा दिसत नाही, ही बेन्सन आदींची तक्रार होती. सुमारे दहा वर्षांत त्यांचा इतिहास विभाग ब्रिगहॅम यंग विद्यापीठात हलवण्यात आला आणि अॅरिंग्टन यांचे पद गेले.

स्त्रियांचा प्रश्न याहून तिखट झाला. युटाच्या स्त्रियांनी 1870 मध्येच मतदान केले होते, आणि एमेलिन वेल्स यांच्यासारख्या मॉर्मन बायका अमेरिकेच्या मताधिकार चळवळीत पुढे होत्या. त्यांच्याच पणत्यांच्या काळात, 1976 पासून, चर्च स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीविरुद्ध उभे राहिले. 1977 मध्ये सॉल्ट लेकला भरलेल्या महिला परिषदेत 13 हजारांहून अधिक स्त्रिया आल्या. त्यांतल्या बहुतेकींना चर्चच्या वॉर्डावॉर्डातून, म्हणजे स्थानिक मंडळ्यांतून, निरोप गेले होते आणि त्यांनी समानतेचे ठराव हाणून पाडले. घटनादुरुस्तीच्या बाजूने संघटना उभारणाऱ्या व्हर्जिनियाच्या सोनिया जॉन्सन यांना डिसेंबर 1979 मध्ये चर्चमधून बहिष्कृत केले गेले.

बहिष्कार म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे. मॉर्मन मंदिरात लागलेले लग्न मृत्यूनंतरही टिकते, आईबाप आणि मुले अनंतकाळ एकत्र राहतात, ही त्यांची सर्वांत गोड श्रद्धा. बहिष्कृत माणसाचे हे बंधन तुटते. तो उपासनेला येऊ शकतो, पण प्रभुभोजन घेऊ शकत नाही, सभेत प्रार्थना सांगू शकत नाही. ज्याचा विश्वास उडाला आहे त्याला हे कदाचित झेपेल. ज्याचा विश्वास शाबूत आहे, त्याला आपल्या मुलांपासून अनंतकाळासाठी तोडल्यासारखे ते आहे. आणि शिक्षा झालेल्यांपैकी बऱ्याच जणांचा विश्वास शाबूतच होता.

मे 1993 मध्ये प्रेषित बॉइड पॅकर यांनी चर्चला असलेले तीन धोके सांगितले: समलिंगी हक्कांची चळवळ, स्त्रीवादी चळवळ आणि तथाकथित विद्वान. सप्टेंबर उजाडला आणि त्या एका महिन्यात सहा जणांवर कारवाई झाली. मायकेल क्विन हे येलमधून डॉक्टरेट घेतलेले इतिहासकार. 1890 मध्ये बहुपत्नीत्व बंद केल्याची घोषणा झाल्यावरही वरिष्ठांच्या संमतीने अशी लग्ने होत राहिली, हे त्यांनी पुराव्यांसह लिहिले होते. मॅक्सिन हँक्स यांनी मॉर्मन स्त्रीवादावर ग्रंथ संपादित केला होता. पॉल टोस्कानो आणि लिन व्हाइटसाइड्स हे नेतृत्वावर उघड बोलणारे. यांतल्या लिन यांना बहिष्कारापेक्षा सौम्य शिक्षा झाली. अव्रहाम गिलियादी हे तर बायबलमधल्या यशयाच्या ग्रंथाचे परंपरावादी भाष्यकार, त्यांना सुधारकांत कुणीही मोजले नसते. सहाव्या लॅव्हिना फील्डिंग अँडरसन.

लॅव्हिना यांचा अपराध असा, की त्यांनी नोंदी ठेवल्या. कुणा लेखकाला बोलावून दम दिला, कुणाला मंदिराचा परवाना नाकारला, कुणाची नोकरी गेली, अशा घटना तारीखवार लावून त्यांनी 1993 च्या वसंतात ‘डायलॉग’मध्ये छापल्या. सभासदांच्या लिखाणाची कात्रणे जमवणारी एक समिती चर्चच्या मुख्यालयात आहे, हेही त्यात होते. सप्टेंबरात त्यांना काढले. पुढच्या रविवारी त्या नेहमीप्रमाणे आपल्या वॉर्डात येऊन बसल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही. असे पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालले. समोरून प्रभुभोजनाचे तबक जाई, त्या ते न घेता पुढे देत. 2019 मध्ये स्थानिक नेत्यांनी त्यांचा पुन्हा बाप्तिस्मा व्हावा अशी शिफारस केली, ती वरून नाकारली गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये त्या गेल्या. या साठ वर्षांच्या इतिहासात त्यांच्याइतकी निष्ठा मला दुसऱ्या कुणात दिसत नाही, आणि त्यात सर्वोच्च नेतेही आले.

परंपरावाद्यांना खलनायक ठरवणे मात्र मला मान्य नाही. आपल्या कमाईचा दहावा भाग चर्चला देणारी, दारू-तंबाखूपासून दूर राहणारी, पोराला धर्मप्रचारासाठी दोन वर्षे घराबाहेर धाडणारी ही माणसे आहेत. शेजारी आजारी पडला तर संध्याकाळी जेवणाचे डबे घेऊन हीच दारात उभी राहतात. अमेरिकेतली उदारमतवादी प्रोटेस्टंट चर्चे एकेक करून रिकामी होत गेली, ते त्यांनी पाहिले. 1947 मध्ये दहा लाख असलेली आपली संख्या 1997 पर्यंत एक कोटीवर गेली, ती शिस्तीमुळेच, असे त्यांना मनापासून वाटते. त्यांची भीती खोटी नाही. त्या भीतीपोटी त्यांनी आपल्याच माणसांना बाहेर काढले, हे चुकले.

एकविसाव्या शतकात प्रश्न बदलले, रीत तीच राहिली. 2008 मध्ये समलिंगी विवाहाविरुद्धच्या कॅलिफोर्नियातल्या मोहिमेत चर्चने सभासदांना पैसा आणि वेळ द्यायला सांगितले. त्यातून कित्येक घरांत आईबाप आणि मुले यांचे बोलणे तुटले. 2013 मध्ये केट केली या वकील तरुणीने स्त्रियांना याजकपद द्यावे अशी मागणी करणारी संघटना काढली. जून 2014 मध्ये त्या बहिष्कृत झाल्या. 2013 च्या एप्रिलमध्ये चर्चच्या सर्वसाधारण परिषदेत पहिल्यांदा एका स्त्रीने प्रार्थना सांगितली होती, त्याआधी काही महिने स्त्रियांनी त्यासाठी पत्रे पाठवली होती. 2019 मध्ये स्त्रियांना बाप्तिस्म्याच्या साक्षीदार म्हणून उभे राहता येऊ लागले.

नोव्हेंबर 2015 मधला निर्णय सर्वांत कठोर. समलिंगी जोडप्याबरोबर राहणाऱ्या मुलांना अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत बाप्तिस्मा नाही, आणि तेव्हाही आईबापांच्या तशा राहणीला नकार दिल्याशिवाय नाही, असा नियम झाला. प्रेषित रसेल नेल्सन यांनी जानेवारी 2016 मध्ये हा साक्षात्कार असल्याचे सांगितले. एप्रिल 2019 मध्ये, तेच आता अध्यक्ष असताना, नियम मागे घेतला गेला. सुधारणावाद्यांना दिलासा मिळाला, तरी मधली साडेतीन वर्षे त्या मुलांच्या वाट्याला आली होती ती आलीच. ज्या परंपरावाद्यांनी या नियमासाठी पोटच्या पोरांशी भांडण घेतले होते, त्यांच्या पायाखालची जमीनही त्या दिवशी सरकली. त्यांच्याबद्दल फारसे कुणी लिहिले नाही.

मग 2021 मध्ये पारडे फिरले. नेल्सन पेशाने हृदयशल्यविशारद. त्यांनी स्वतः करोनाची लस घेतली आणि ऑगस्टमध्ये अध्यक्ष मंडळाने सर्वांना लस घेण्याचे, मास्क वापरण्याचे आवाहन केले. संदेष्ट्याचे ऐका, असे आयुष्यभर दुसऱ्यांना सांगणारे अनेक जण आता स्वतः ऐकायला तयार नव्हते. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये समलिंगी विवाहाला संरक्षण देणाऱ्या संघीय कायद्याला, धर्मस्वातंत्र्याच्या तरतुदींसह, चर्चने पाठिंबा दिला. ऑगस्ट 2024 मध्ये पारलिंगी सभासदांवर नवे निर्बंध आले. नेल्सन 27 सप्टेंबर 2025 रोजी वयाच्या 101व्या वर्षी वारले आणि पूर्वी न्यायाधीश राहिलेले डॅलिन ओक्स अध्यक्ष झाले. ओढाताण चालूच आहे.

1993 च्या सहांपैकी गिलियादी आणि हँक्स पुढे चर्चमध्ये परतले. क्विन 2021 मध्ये वारले, बहिष्कृत अवस्थेतच. चर्चच्या नियमांत मृत व्यक्तीचे सभासदत्व पुन्हा बहाल करण्याची सोय आहे आणि तिचा वापर झालेला आहे. 1857 मध्ये माउंटन मेडोज इथे सुमारे 120 वाटसरूंची कत्तल झाली. त्या गुन्ह्याबद्दल जॉन ली या मॉर्मन माणसाला 1877 मध्ये गोळ्या घालून देहदंड दिला गेला. त्या ली यांचे सभासदत्व चर्चने 1961 मध्ये परत दिले. मग क्विन आणि लॅव्हिना फील्डिंग अँडरसन यांनी तर फक्त लिहिले होते. त्यांचे सभासदत्व चर्चने नाव घेऊन, उघडपणे, सर्वसाधारण परिषदेच्या व्यासपीठावरून परत द्यावे.